उल्लिगड्ड, कांदो आणि पियावु

विजयवाड्याच्या रैतु बाजारात मी एका भाजीवाल्या बाईंना कांद्याचा भाव विचारला, खरे तर एवढीच ती गोष्ट. नवऱ्याच्या कामानिमित्त पंधरा दिवस तेथे मुक्काम होता, सोलापुरात वाढल्यामुळे आपल्याला तेलुगू येते असा माझा समज होता, आणि हिंदीत घासाघीस करणाऱ्या परगावच्या बायकांमध्ये आपण वेगळ्या दिसू असा थोडा तोराही मनात होता. "उल्लिगड्ड किलो एंता?" असे मी अगदी सहज विचारले. तागडीत टोमॅटो टाकता टाकता त्या बाईंचा हात थांबला. त्यांनी मला एकदा नीट न्याहाळले आणि हसून म्हणाल्या, "उल्लिपायला? तेलंगाणा नुंचि वच्चारा अंडी?" मी तेलंगणातून आले का, असे त्या विचारत होत्या. मी उत्तर जुळवत असतानाच त्या शेजारच्या गाळ्यावरच्या बाईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "उल्लिगड्डंटा!" त्या शेवटच्या 'अंटा'चे मराठी मला क्षणात कळले, कारण ते आपले 'म्हणे' आहे. उल्लिगड्ड म्हणे! दोघी हसल्या. त्या हसण्यात कडवटपणा मुळीच नव्हता, उलट वजन झाल्यावर वरचा एक कांदाही माझ्या पिशवीत पडला.

तो वरचा कांदा मला रात्रभर पचला नाही.

तेलंगणात मी कधी राहिलेलेच नाही, हे त्या रुखरुखीचे एक कारण होते. माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याच्या घरात गेले, आणि आमच्या बोळात आमचे घर सोडले तर बाकी सारी घरे पद्मशाली विणकरांची होती. निजामाच्या मुलखातून, करीमनगर, नलगोंडा, महबूबनगर या बाजूंनी त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा सोलापुरात मागांच्या आणि गिरण्यांच्या आधाराने आले आणि येथलेच झाले. पहाटे डोळे उघडण्याआधी कानावर यायची ती मागाची खटखट, आणि दुपारी ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांबरोबर त्यांची तेलुगूही अखंड वळत असे. तेंदूच्या पानांचा तो ओलसर, तुरट वास आजही कोठे आला, तर मला आधी तेलुगू ऐकू येते आणि मग पाने दिसतात. माझ्या मैत्रिणीची आई ओट्यावरून हाक मारायची, "एंदिरा, गिट्ला रा!" म्हणजे, इकडे ये. तिची तेलुगू हीच माझी तेलुगू. ती कोणत्या जिल्ह्याची आहे, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता, कारण माझ्या लेखी ती साखर पेठेची होती.

तेलुगूतला पहिला शब्द मी शिकले तो पंगतीला बसून, आणि तोही उलटा. मैत्रिणीच्या घरी जेवताना तिच्या पानात भात पडला की ती हात आडवा धरून म्हणायची, "चालु, चालु!" मराठीत चालू म्हणजे पुढे सुरू ठेवा. म्हणून मलाही आणखी भात हवा होता तेव्हा मी मोठ्या ऐटीत "चालू, चालू" म्हणाले, आणि तिची आई भातवाढी हातात घेऊन शांतपणे पुढच्या पानाकडे गेली. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. तीन-चार वेळा अर्धपोटी उठल्यानंतर मला हा उलगडा झाला. पुढे कधीतरी लक्षात आले की या फजितीचे मूळ च या एका अक्षरात आहे. चाक आणि चोर या शब्दांत जिभेचे टोक दातांना लावून आपण जो च म्हणतो तोच तेलुगूतल्या 'चालु'मध्ये आहे, आणि चिमणी किंवा चेहरा यांतला च तेलुगूतल्या 'चेट्टु'मध्ये, म्हणजे झाडात, आहे. कोकणीतही हे दोन्ही च नांदतात. हिंदी बोलणाऱ्याला हा पहिला च शिकवता शिकवता नाकी नऊ येतात. एक भाषा द्राविड, दोन आर्य. कुळे निराळी, पण शतकानुशतके शेजारी राहिल्यामुळे तिघींची जीभ एका ठिकाणी तरी एकाच तऱ्हेने वळते. आमचा घोटाळा झाला तो उच्चार वेगळा होता म्हणून नाही, तो तंतोतंत सारखा होता म्हणून झाला.

विजयवाड्याहून परतल्यावर मी हट्टाने बोलींचा माग घेऊ लागले. कांद्याला कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात उल्लिपाय म्हणतात, तेलंगणात उल्लिगड्ड, आणि रायलसीमेत, म्हणजे कडप्पा-अनंतपूरकडे, एर्रगड्ड, अर्थात तांबडा गड्डा. हैदराबादेत मात्र एर्रगड्ड म्हटले की लोकांना तेथले मनोरुग्णालय आठवते, जसे आपल्याकडे येरवडा म्हटल्यावर आठवते, त्यामुळे रायलसीमेच्या माणसाने हैदराबादच्या रिक्षात बसून कांद्याविषयी बोलू नये हे बरे. बटाटा किनाऱ्याकडे बंगालदुंपा, तेलंगणात आलुगड्ड, रायलसीमेत उर्लगड्ड. शेंगदाणा एकीकडे वेरुशनग, दुसरीकडे पल्ली. पण भाजीबाजारातल्या शब्दांपेक्षा मला क्रियापदांनी जास्त गुंतवले. 'तो आला' हे किनारपट्टीचा माणूस 'वच्चाडु' असे म्हणतो, रायलसीमेचा 'वच्चिनाडु' असे म्हणतो आणि तेलंगणाचा 'वच्चिंडु' असे म्हणतो. तिन्ही रूपे शेजारी ठेवली की एकाच नदीवरचे तीन घाट दिसावेत तसे वाटते: 'वच्चिनाडु'मध्ये सगळ्या पायऱ्या शाबूत आहेत, आणि बाकीच्या दोघांनी वेगवेगळ्या पायऱ्या गाळून पाण्यात उतरायची सोय केली आहे. यांपैकी कोणती सोय शुद्ध आणि कोणती गावंढळ हे भाषेच्या आतून ठरवता येत नाही. ते बाहेरून ठरते, आणि तसे ते ठरलेही.

त्या ठरण्याची गोष्ट थोडी विचित्र आहे. गिडुगु वेंकट राममूर्ती श्रीकाकुळमच्या बाजूचे, जन्म १८६३चा. शाळेतल्या पोरांना जुन्या ग्रांथिक तेलुगूत कोंडू नका, बोलतात तीच भाषा पुस्तकात येऊ द्या, असा धोशा त्यांनी आयुष्यभर लावला. ओडिशाच्या सीमेवरच्या सवर आदिवासींची भाषाही ते शिकले आणि त्यांच्या मुलांसाठी पुस्तके केली. २९ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस तेलुगू भाषा दिन म्हणून पाळला जातो. दार उघडले हे खरे, पण त्यातून आत कोण आले? सुपीक खोऱ्यातले, आधी शिकलेले, छापखाने आणि वर्तमानपत्रे हाती असलेले. त्यांची बोली ती प्रमाण झाली, आणि तेलंगणातले लोक तिला 'अडीच जिल्ह्यांची भाषा' म्हणून टोमणा मारू लागले. सिनेमाने त्यावर कळस चढवला. कित्येक वर्षे पडद्यावरचा नायक 'वच्चाडु' म्हणत आला, आणि 'वच्चिंडु' म्हणायचे ते गुंडाने नाहीतर विदूषकाने. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले त्यामागे पाणी, नोकऱ्या, जमिनी हे सारे होतेच, पण थिएटरच्या अंधारात आपल्या आईच्या बोलण्यावर हशा पिकतो हे ज्याने ऐकले त्याच्या मनात आणखीही काही असणार. नव्या राज्याने कवी काळोजी नारायणराव यांचा जन्मदिवस, ९ सप्टेंबर, तेलंगण भाषा दिन म्हणून स्वीकारला. काळोजींचे वडील मराठी आणि आई कन्नड, हे मला कळले तेव्हा मी एकटीच हसले. तेलंगणच्या बोलीचा झेंडा ज्यांच्या हाती दिला गेला, त्यांनाही ती घराबाहेरून, ओट्यावरूनच मिळाली असावी, असे मानायला मला आवडते.

तेलंगणच्या बोलीवर आणखी एक आरोप असतो, तो उर्दूने बाटल्याचा. तेथे इस्पितळाला दवाखाना, रस्त्याला सडक आणि थोडेसे म्हणायला 'जर' म्हणतात, हे काहींच्या कानाला खुपते. हा आरोप करणारे स्वतः 'रोड्डु'वरून 'बस्सु'ने जातात.

आता दुसऱ्या कांद्याकडे वळते. माझे सासर कुडाळचे. लग्न होऊन मी पुण्यातल्या घरात आले तेव्हा सासूबाई मालवणीत बोलायच्या आणि मी मराठीत उत्तर द्यायची, आणि आमचे उत्तम चालले होते. एकदा कौतुकाच्या भरात मी म्हणाले, "किती गोड बोली आहे हो ही मराठीची!" त्यांनी नारळ खवणे थांबवले नाही. विळीवर नजर ठेवून त्या म्हणाल्या, "मी बोलतंय ती बोली, नि तू बोलतंस ती काय?" मला तेव्हा त्यातली धार जाणवली नाही. गोव्यातल्या एखाद्या कोकणी माणसाने ते वाक्य ऐकले असते तर त्याने मला उभे केले असते, कारण त्या एका शब्दावरून तेथे दोन पिढ्या भांडल्या आहेत. ब्रिटिश अमदानीतल्या ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात कोकणी मराठीच्या खंडात बसवलेली आहे. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. एवढी दारे ठोठावायला लागली ती 'आम्ही आहोत' एवढेच सांगण्यासाठी. आणि माझ्या सासूबाईंनी मात्र, जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा, मातृभाषा म्हणून बेधडक मराठी सांगितली. त्या 'माका' म्हणतात, 'तुका' म्हणतात, 'खय' म्हणतात, पण स्वतःला 'मी' म्हणतात, गोव्याप्रमाणे 'हांव' नाही. त्या एका सर्वनामाने त्यांना मराठीच्या अंगणात ठेवले आहे की बाकीच्या सगळ्या शब्दांनी कोकणीच्या, याचा निकाल मी लावणार नाही. एकदा लावून झाला आहे.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मंगळूरच्या एक सारस्वत मामी राहायला आल्या. सासूबाईंना वाटले, कोकणी बोलणारे माणूस आले, आता आपली चैन. पहिल्याच दुपारी मामी दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले, "पियावु आस्स वे?" सासूबाई तत्परतेने आत गेल्या आणि तांब्या-भांडे घेऊन आल्या. मामींनी क्षणभर भांड्याकडे पाहिले, मग शांतपणे पाणी पिऊन, भांडे परत देऊन त्या वर निघून गेल्या. संध्याकाळी त्यांच्या नातवाने खाली येऊन कांदा मागितला तेव्हा खुलासा झाला. कुडाळात आणि गोव्यात जो कांदो तो मामींच्या घरी पियावु. तांब्या-भांड्याची ही गोष्ट ऐकताच मला पंगतीतला 'चालु' आठवला. फरक एवढाच की तेव्हा मी परक्या भाषेत फसले होते, आणि या दोघी आपापल्या आईच्या भाषेत.

त्यानंतर दोघींचे बोलणे हा आमच्या घरातला रोजचा कार्यक्रम झाला. "जेवण जाल्लें वे?" असे मामी विचारत, "झाला, तुमचा?" असे सासूबाई म्हणत. सासूबाईंचा घोव, म्हणजे नवरा, मामींकडे 'बाम्मुणु' होई. मामींचा हात 'हातु' होता आणि देव 'देवु'. शब्दाच्या शेवटी तो इवलासा उ हळूच उमटून विरत असे, जणू दार ओढून घेतले पण कडी लावायची राहिली. प्रथम मला वाटले की हा दक्षिणेचा वारा आहे, कारण तेलुगूत बसची 'बस्सु' होते ती याच चालीने. पण ते तसे सरळ नाही. तेलुगूला शब्द स्वरावर टेकवायची सवय आहे, म्हणून ती परक्या शब्दालाही उ चिकटवते. मामींच्या कोकणीतला उ कोणी नव्याने चिकटवलेला नाही, तो प्राकृतातला जुना अंत्य स्वर आहे, जो गोव्यात आणि मराठीत झिजून गेला. कानडी-तुळूच्या शेजाराने त्याला टिकायला बळ दिले असेल. पोर्तुगिजांच्या काळात गोवा सोडून मंगळूरला, कोचीला गेलेल्या कुटुंबांनी देव नेले, तशी ही ऱ्हस्व अक्षरेही नेली, आणि जे मागे राहिले त्यांनी दरम्यान खिडकीला जनेल, खुर्चीला कदेल आणि चमच्याला कुलेर म्हणायला सुरुवात केली. घर सोडून गेलेले लोक भाषा जास्त जपतात की काय, असे मला पूर्व भागातल्या विणकरांकडे पाहूनही वाटत आले आहे.

तेलुगू आणि कोकणी यांच्या बोलींची तुलना मी मनात सुरू केली ती येथून, आणि माझे पहिले अनुमान चुकले. तेलुगू मातृभाषा सांगणारे २०११च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक आहेत आणि कोकणी सांगणारे साधारण साडेबावीस लाख, तेव्हा मोठ्या भाषेत अंतरे मोठी असणार असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात विजयवाड्याची ती बाई आणि माझ्या मैत्रिणीची आई यांना एकमेकींचे अडणार असे काही नाही. हसू येईल, अडणार नाही. सासूबाई आणि मामी यांचे मात्र पहिल्या कांद्यापाशीच अडले. तरीही मला जास्त टोचते ते अंतर नाही. तेलंगणच्या माणसाला 'तू तेलुगू बोलत नाहीस' असे आजवर कोणी म्हटले नाही, 'तू वाईट तेलुगू बोलतोस' असे म्हटले. कोकणी माणसाला वाईट बोलतोस असे कोणी म्हणत बसले नाही. ही भाषाच नाही, असे म्हटले. पहिल्या अपमानात घराबाहेर काढले जात नाही, फक्त ओसरीवर बसवले जाते. दुसऱ्यात घराचा उताराच नाकारला जातो. यांतला कोणता जास्त सोसवतो हे मला ठरवता येत नाही, आणि पहिला एकदाच, तोही एका फुकट कांद्यासह, माझ्या वाट्याला आला आहे, दुसरा मी स्वतः दिला आहे.

लिपीचे तर सांगायलाच नको. श्रीकाकुळमपासून अनंतपूरपर्यंत दुकानाची पाटी एकाच लिपीत असते, त्यामुळे तेथले भांडण कोणता शब्द छापायचा एवढ्यावर येऊन थांबते. कोकणीत भांडण त्याच्याही आधी, अक्षरापाशी सुरू होते. गोव्यात देवनागरी आणि रोमी (म्हणजे रोमन), मंगळुरात कानडी, केरळात मल्याळम, भटकळच्या नवायत मुसलमानांकडे अरबी वळणाची. राजभाषेच्या कायद्याने देवनागरीला जागा दिली आणि तियात्र, म्हणजे गोव्यातली कोकणी नाटके, आणि प्रार्थनापुस्तके रोमी लिपीत वाचत मोठे झालेले लोक आजही त्याबद्दल नाराज आहेत. मामींच्या आईची पाककृतींची वही आमच्या टेबलावर कित्येक दिवस पडून होती. भाषा कोकणी, अक्षरे कानडी. सासूबाई ती उघडून पाहायच्या आणि मिटून ठेवायच्या. मग मामी मोठ्याने वाचायच्या, आणि डोळ्यांना जे बंद होते ते कानांना निम्मेअधिक उघडायचे. 'दाळि तोय' ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमटीच." त्यात कांदा नाही, फक्त हिंगाची फोडणी, हे कळल्यावर त्या थोड्या नाराज झाल्या. ज्या स्वयंपाकात कांद्याला इतके कमी काम, त्यात त्याला इतके वेगळे नाव कशाला, असे त्यांचे म्हणणे होते.

मामींच्या तोंडी एक शब्द नेहमी येई: आमचिगेले. म्हणजे आपली माणसे, आपल्यातली. अमका आमचिगेले, तमका आमचिगेले. एकदा सासूबाईंनी तो धरून ठेवला आणि विचारले, "आमचिगेले म्हणजे मी धरून की मी सोडून?" मामी काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. तेलुगूत या प्रश्नाची सोय व्याकरणातच आहे: ऐकणाऱ्याला धरून 'मनमु', सोडून 'मेमु'. मराठीतही आहे, आपण आणि आम्ही. हिंदी हे 'हम'वरच भागवते. पूर्व भागात लहानपणी मैत्रिणीची आई माझ्यादेखत 'मन' म्हणायची, मन वीधि, म्हणजे आपला बोळ, आणि त्या एका शब्दात मी राहत होते. विजयवाड्याच्या बाजारात मला खुपले ते हसू नव्हतेच बहुधा. 'वच्चारा' या आदरार्थी रूपाने त्या बाईंनी मला फार नम्रपणे 'मेमु'च्या बाहेर उभे केले होते, आणि ज्या 'मनमु'च्या आत उभी राहून मी कांदा मागत होते तो तेथून पाचशे किलोमीटरवर होता.

हे सारे सांगण्यासाठी मी सोलापूरला मैत्रिणीला फोन लावला. ती अजून त्याच बोळात राहते. माग गेले, ओट्यावर फरशी आली. मी तिला रैतु बाजाराची गोष्ट रंगवून सांगितली, उल्लिगड्डची बाजू घेऊन चांगली तावातावाने बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अगं, पण आमच्याकडे आता उल्लिगड्ड कोण म्हणतंय? पोरं कांदालु म्हणतात." कांदा मराठी आणि शेवटचे अनेकवचनी 'लु' तेवढे तेलुगू. तिची सून सिरसिल्ल्याची, खास तेलंगणातली. ती काही म्हणत नाही का, असे मी विचारले.

"पहिल्यांदा लई हसायची," मैत्रीण म्हणाली. "आता तीच पोराला सांगते, कोपऱ्यावरून दोन किलो कांदालु आण म्हणून."